डकार रॅली: सगळ्यात जोरात पळणारा हमखास का जिंकत नाही?

जानेवारी २०२४ मध्ये एक बातमी आली होती, केरळचा हरिथ नोआ डकार रॅलीत ११वा आला आणि जिंकला. बऱ्याच जणांनी ती वाचून सोडून दिली कारण ११वा आलेला माणूस जिंकतो कसा हेच कळेना. त्याच रॅलीत हीरोच्या टीमचा रॉस ब्रांच दुसरा आला, म्हणजे भारतीय कंपनीची बाइक जगातल्या सगळ्यात कठीण रॅलीत पोडियमवर, आणि आपल्याकडे त्यावर जेवढी चर्चा व्हायला हवी होती त्याच्या दहावा हिस्सासुद्धा झाली नाही. दोष वाचणाऱ्यांचा नाहीये, हा खेळ कोणी नीट समजावूनच सांगत नाही. वाळूवरून उड्या मारणाऱ्या बाइकचे रील्स सगळे टाकतात पण काल पहिला आलेला आज पंधरावा का, एखादा रायडर मुद्दाम हळू का होतो, दुसऱ्यासाठी थांबलेल्याला वेळ परत कशी मिळते, यातलं काही त्या रील्समध्ये नसतं.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो मग सविस्तर जाऊ. ही वेगाची शर्यत कमी आणि वाचायची शर्यत जास्त आहे. कागद वाचायचा, जमीन वाचायची, घड्याळ वाचायचं, आणि हे सगळं ताशी शंभरच्या वर असताना.

आधी हे नक्की आहे काय

या प्रकाराला रॅली-रेड म्हणतात. रस्ता नसलेल्या मुलखातून, अनेक दिवस, रोज शेकडो किलोमीटर, आणि पुढचा मार्ग कुणालाच आधी माहीत नाही. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. महिला दिनाला वगैरे ज्या कार रॅली निघतात, सजवलेल्या गाड्या, त्यात ठरलेल्या वेळेत ठरलेल्या वेगाने जायचं असतं, जोरात गेलात तर गुण कापतात. टीव्हीवर दिसणारी जंगलातली वळणावळणाची रॅली, ती वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप, तिथे ड्रायव्हर आधी तो रस्ता हळू फिरून बघतात आणि प्रत्येक वळणाची नोंद करून घेतात. रॅली-रेडमध्ये आधी बघायची सोयच नाही. सकाळी जे समोर येईल ते पहिल्यांदाच बघायचं.

डकार ही त्यातली सगळ्यात मोठी. दोन आठवडे, साधारण साडेसात ते आठ हजार किलोमीटर. हा आकडा डोक्यात बसत नाही म्हणून असं बघा, आपल्या भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंतचा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, डकारमध्ये एखाद्या मोठ्या दिवशी जवळपास तेवढं अंतर होतं आणि त्यातला निम्मा किंवा जास्त भाग वाळू, दगड, कोरड्या नद्या. आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

दिवसाचे दोन भाग असतात. एक लिएझॉन, म्हणजे साध्या रस्त्यावरून वाहतुकीचे नियम पाळत शर्यत सुरू होते तिथपर्यंत जायचं, इथे वेळ मोजत नाहीत पण उशीर केला तर पेनल्टी. दुसरा स्पेशल स्टेज, इथे घड्याळ चालू. सगळ्या स्पेशलच्या वेळा बेरीज करायच्या, ज्याची सगळ्यात कमी तो जिंकला. हिशोब एवढाच. संध्याकाळी सगळे ज्या तात्पुरत्या तंबूंच्या गावात येतात त्याला बिव्हॉक म्हणतात.

बाइक, कार, ट्रक, छोट्या बग्गी असे वेगवेगळे वर्ग असतात आणि बाइकमध्येसुद्धा पोटवर्ग. कंपन्यांच्या अव्वल टीमचे व्यावसायिक रायडर रॅली जीपी वर्गात, बाकीचे रॅली टू मध्ये. हरिथ सगळ्या बाइकवाल्यांमध्ये ११वा आणि रॅली टू मध्ये पहिला होता. कोडं सुटलं. डकारमध्ये वर्ग जिंकणारा तो पहिला भारतीय.

हे वेड कुणी काढलं

थिएरी साबीन नावाचा फ्रेंच माणूस १९७७ मध्ये आबिजान-नीस रॅलीत बाइकवर असताना वाळवंटात हरवला, मरता मरता वाचला, आणि घरी येऊन कुठलाही शहाणा माणूस करणार नाही ते त्याने केलं, तिथेच अजून लोकांना न्यायचं ठरवलं. २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसहून पहिली रॅली निघाली, सेनेगलची राजधानी डकार हे शेवटचं ठिकाण. १८२ गाड्या निघाल्या आणि ७४ पोचल्या. साबीन स्वतः १९८६ च्या रॅलीत मालीमध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेला.

१९८२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा मुलगा मार्क सहा दिवस सहारात बेपत्ता होता, त्यामुळे रॅलीचं नाव ज्यांना गाड्यांशी काही देणंघेणं नाही त्यांनाही कळलं. पुढे २००८ ची रॅली सुरू व्हायच्या आदल्या दिवशी रद्द झाली, मॉरिटानियात फ्रेंच पर्यटकांची हत्या झाली होती आणि दहशतवादी हल्ल्याची धमकी होती. २००९ पासून ती दक्षिण अमेरिकेत गेली आणि २०२० पासून सौदी अरेबियात आहे, डकार शहराशी आता नावापुरताच संबंध. २०२२ पासून डकार आणि अबू धाबी, मोरोक्कोसारख्या इतर रॅल्या मिळून अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होते. २०२४ ची बाइकमधली ती स्पर्धा हीरोच्या रॉस ब्रांचने जिंकली.

रोडबुक: इथे सगळा खेळ आहे

आपण ठाण्यात पत्ता कसा सांगतो बघा. मुंबईकडून येतोयस ना, तीन हात नाका सोड, नितीन कंपनी सोड, कॅडबरीला डावीकडे घे, दोनशे मीटरवर रसवंती लागेल, तिच्या पुढच्या गल्लीत उजवीकडे. नकाशा नाही, नुसता खुणांचा क्रम, आणि एक खूण चुकली की पुढचं सगळं निरुपयोगी कारण प्रत्येक खूण आधीच्या खुणेवर टांगलेली आहे. रोडबुक म्हणजे बरोब्बर हेच. फरक इतकाच की वाळवंटात कॅडबरीही नाही आणि रसवंतीही नाही, सगळीकडे सारखंच दिसतं, म्हणून खुणांच्या जागी अंतर आणि दिशा येते. अमुक किलोमीटर झाले की होकायंत्राच्या २१४ अंशावर जा, मग कोरडी नदी ओलांड, मग उद्गारचिन्ह.

उद्गारचिन्ह गंमत म्हणून नसतं. एक म्हणजे सांभाळून, दोन म्हणजे धोका, तीन म्हणजे इथे थांबायची तयारी ठेव नाहीतर संपलास.

पूर्वी हे कागदाच्या लांब गुंडाळीवर असायचं, रायडर आदल्या रात्री बसून त्यावर रंगीत पेनांनी खुणा करत बसायचे, मोठ्या टीमवाले तर त्यासाठी वेगळी जाणकार माणसंच ठेवायचे. ते बंद व्हावं म्हणून आता रोडबुक सकाळी स्टार्टच्या जेमतेम काही मिनिटं आधी देतात, आणि बहुतेक ठिकाणी ते टॅबलेटवर असतं. म्हणजे पैसेवाल्या टीमला रात्रभर अभ्यास करून पुढे जायची सोय उरली नाही. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला हा सगळ्यात चांगला बदल.

कारमध्ये शेजारी नॅव्हिगेटर बसतो, तो वाचतो आणि ओरडून सांगतो. बाइकवाला एकटा. त्यालाच चालवायचं, त्यालाच मान खाली घालून हँडलसमोरच्या स्क्रीनवर वाचायचं, पुढची नोंद डोक्यात ठेवायची, आणि त्या अर्ध्या सेकंदात बाइक पंधरा मीटरच्या आसपास पुढे गेलेली असते आणि तेवढ्यात एक दगड पुरतो.

आता यातली खरी भानगड. अंतर मोजायचं चाकावरून, पण वाळूत मागचं चाक जागच्या जागी फिरतं, पुढचं घसरतं, रायडर टेकडी टाळायला वळसा घालतो, मग मीटरवर दिसतंय ४२.३० आणि रोडबुकच्या हिशोबाने तू अजून ४२.१० लाच आहेस. दोनशे मीटर. वाळवंटात दोनशे मीटर अलीकडे वळलं की शेजारच्या दरीत, जी अगदी तशीच दिसते, आणि चूक लक्षात येईपर्यंत पाच किलोमीटर गेलेले. म्हणून प्रत्येक पक्की खूण दिसली की रायडर अंगठ्याने बटण दाबून मीटर जुळवून घेतो, दिवसातून कितीतरी वेळा.

मग जीपीएस कशाला लावलंय?

सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच, गुगल मॅप लावला की झालं. तर मोबाइलवरचा नकाशा वापरायला बंदी आहे. गाडीत जीपीएस असतं पण ते आयोजकांचं, त्यात नकाशा नाही. ते दिशा आणि वेग दाखवतं आणि एक काम करतं, वेपॉइंट तपासतं. वेपॉइंट म्हणजे वाळवंटातला न दिसणारा एक बिंदू जिथून जाणं सक्तीचं आहे. त्यातले बरेचसे लपवलेले असतात, तू रोडबुक बरोबर वाचत काही शे मीटरच्या आत आलास तरच बाण दिसायला लागतो. नाही आलास तर यंत्र गप्प.

वेपॉइंट चुकला तर पेनल्टी, आणि ती काही मिनिटांची असते. जिथे २०२३ मध्ये अर्जेंटिनाचा केविन बेनाविदेस चव्वेचाळीस तासांहून जास्त चालवून टोबी प्राइसच्या फक्त ४३ सेकंद पुढे राहिला आणि जिंकला, तिथे एक वेपॉइंट म्हणजे दोन आठवड्यांची माती. म्हणून बरेचदा दिसतं की दहा-बारा बाइक एका टेकडीभोवती गोल गोल फिरतायत, सगळे तोच एक बिंदू शोधतायत, आणि कोणी हसत नाहीये.

काल जिंकलास? मग आज पंचाईत

हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. कालच्या स्टेजला पहिला आलेला आज सगळ्यात आधी निघतो. ऐकायला मान वाटतो पण ती शिक्षा आहे. समोर कोरी वाळू, एकही चाकाची खूण नाही, सगळं त्यालाच शोधायचं. तीन-तीन मिनिटांच्या अंतराने मागून येणाऱ्याला त्याच्या खुणा दिसतात, तो चुकला असेल तर कुठे चुकला तेही दिसतं, मग मागचा न वाचता जोरात येतो आणि वेळ खाऊन टाकतो. संध्याकाळी मागचा जिंकतो, उद्या तो पुढे, आणि त्याची पाळी.

त्यामुळे होतं काय की अनुभवी रायडर काही दिवस मुद्दाम पहिले येत नाहीत. स्टेज संपायला थोडं अंतर राहिलं की वेग कमी करतात, म्हणजे उद्या सातवे-आठवे निघता येईल. जिंकण्यासाठी हरायचं, आणि ते किती हरायचं याचाही हिशोब. हे फारच व्हायला लागलं तेव्हा २०२३ पासून डकारमध्ये बाइकसाठी बोनस आला, पुढे राहून वाट उघडणाऱ्याला दर किलोमीटरमागे सेकंद-दीड सेकंदाची सूट मिळते. त्याने मामला थोडा सुधारला. पूर्ण नाही. कारवाल्यांना तर बाइकच्या खुणा आयत्या मिळायच्या म्हणून काही दिवशी आता दोघांचे मार्गच वेगळे ठेवतात.

वाळू वाचणं

समुद्रकिनाऱ्यावर कोणी एसयूव्ही घातली की काय होतं ते अलिबाग-काशीदला सगळ्यांनी बघितलंय. टायर हवेने टम्म असेल तर चाक खणत जातं आणि गाडी पोटावर बसते. वाळवंटात हवा कमी करतात, रस्त्यावर तीसच्या वर पीएसआय असेल तर मऊ वाळूत पंधराच्या आसपास आणतात, टायर पसरतो आणि गाडी वर तरंगते. पण कमी हवेत दगड लागला की पंक्चर. आणि एकाच स्टेजमध्ये वाळूही असते, दगडही असतात. आता कधी हवा सोडायची कधी भरायची हा निर्णय ड्रायव्हरचा, काही बग्गींमध्ये ड्रायव्हर बसल्या जागी बटणाने हवा कमीजास्त करतो.

टेकडी चढताना जोर हवा, माथ्यावर जोर नको. वाऱ्याकडची बाजू घट्ट आणि उतरती असते, पलीकडची मऊ आणि एकदम उभी, कधीकधी कड्यासारखी, आणि खालून ते कळत नाही. जोर कमी पडला तर माथ्यावर अडकला, जास्त झाला तर पलीकडे उडाला, तुम्ही बघता त्या कोलांट्या बहुतेक इथल्याच. दुपारी बाराच्या उन्हात सावली फारशी पडत नाही त्यामुळे उंचसखल दिसतच नाही, सगळं एका रंगाचं सपाट, डोळ्यासमोर खड्डा असून दिसत नाही. सकाळी आणि संध्याकाळी सावल्या लांब म्हणून वाचता येतं. आणि जानेवारीत त्या वाळवंटात पहाटे चांगली थंडी असते, आपल्या डोक्यात वाळवंट म्हणजे फक्त ऊन.

रात्री मेकॅनिक नसेल तर

एरवी बिव्हॉकमध्ये मेकॅनिक रात्रभर बाइक उघडून परत जोडतात आणि रायडर जेमतेम झोपतो, पहाटे तीन-चारला परत उठायचं. पण मधे मॅरेथॉन स्टेज ठेवतात, त्या रात्री बाहेरची मदत बंद. २०२४ मध्ये त्याचा अजून कडक प्रकार आला, ४८ तासांची स्टेज, सौदीच्या एम्प्टी क्वार्टरमध्ये, जिथे सगळी वाळूच वाळू. दुपारी चार वाजले की पुढची जी छावणी लागेल तिथे थांबायचं, तंबू, पाकिटातलं जेवण, मेकॅनिक नाही, आणि बाकीचे कुठे आहेत हेही सांगत नाहीत. म्हणजे आपण पहिले आहोत की विसावे हे न कळता झोपायचं. मला विचाराल तर अंगावरच्या थकव्यापेक्षा हे जास्त छळणारं आहे.

काही बाइकवाले तर पूर्ण दोन आठवडे मेकॅनिकशिवाय जातात. एक पेटी, त्यात हत्यारं आणि सुटे भाग, ती पेटी आयोजक पुढच्या मुक्कामी पोचवतात, बाकी सगळं स्वतः. चारशे किलोमीटर चालवून आल्यावर स्वतःच ऑइल बदलायचं. फॅक्टरी टीमच्या पहिल्या दहापेक्षा हे लोक माझ्या लेखी मोठे.

आपले लोक यात कुठे

बंगळुरूचा सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय, ३६वा आला. तो आपल्याकडच्या रेड दे हिमालय आणि डेझर्ट स्टॉर्ममध्ये तयार झालेला, पहिली १९९९ पासूनची हिमालयातली, दुसरी राजस्थानातली. २०२१ मध्ये तो हीरोसाठी चालवताना सौदीत जबर पडला, डोक्याला मार, डॉक्टरांना त्याला औषधांनी कोमात ठेवावं लागलं, नंतर बरा होऊन घरी आला. त्याच वर्षी हरिथ नोआ २०वा आला होता.

हीरोची टीम २०१७ पासून डकारमध्ये आहे. २०२० मध्ये त्यांचा पोर्तुगीज रायडर पाउलो गोन्साल्विस सातव्या स्टेजला पडून वारला आणि टीमने उरलेली रॅली सोडली. टीममधला दुसरा रायडर जोआकिम रॉड्रिग्स हा त्याचाच मेहुणा. दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, याच रॉड्रिग्सने तिसरी स्टेज जिंकली, भारतीय कंपनीच्या बाइकने जिंकलेली डकारची पहिली स्टेज. टीव्हीएस फ्रान्सच्या शेर्को या बाइक कंपनीबरोबर २०१५ मध्ये डकारला उतरली, हरिथ जिंकला तो त्यांच्याच बाइकवर. आणि हा खेळ कसा आहे बघा, २०२४ ला वर्ग जिंकलेला हरिथ २०२५ ला प्रोलॉगमध्येच, म्हणजे क्रम ठरवायच्या सुरुवातीच्या छोट्या फेरीत, पडला, मनगट मोडलं आणि रॅली तिथेच संपली. आपल्या महाराष्ट्रातले म्हणाल तर पुण्याचे संजय टकले २०२५ मध्ये डकार क्लासिकमध्ये लँड क्रूझर घेऊन गेले होते, क्लासिक म्हणजे जुन्या गाड्यांची वेगळी रॅली, तीत कमाल वेगापेक्षा ठरलेला सरासरी वेग राखण्याला महत्त्व.

"यात काय, घोडबंदर रोडने या एकदा"

हा विनोद ठाण्यात दर पावसाळ्यात होतो आणि गायमुखच्या चढावर दोन तास अडकलेल्या माणसाला तो करायचा पूर्ण हक्क आहे. पण उत्तर द्यायचंच तर, घोडबंदरचा खड्डा कुठे आहे हे आपल्याला पाठ असतं, रोजचा आहे तो. डकारमध्ये प्रत्येक खड्डा पहिल्यांदाच भेटतो, तोही १२० च्या वेगात. बाइकला कमाल वेगाची मर्यादा आहे, ताशी १६०, आणि २०११ पासून ४५० सीसीच्या वरचं इंजिन कुणालाच चालत नाही. म्हणजे इंजिनाच्या आकारात आपल्या रॉयल एनफिल्डच्या हिमालयनसारख्या बाइकच्या घरातलीच गाडी, फक्त टाक्या तीस लिटरच्या वर आणि सस्पेंशन वेगळ्या जगातलं.

आणि हो, हे वाचून कोणी येऊरला किंवा खारघरच्या डोंगरावर "प्रॅक्टिस" करायला बाइक नेऊ नका. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे आधीच रविवारी जो गोंगाट असतो तो पुरेसा आहे.

श्रीमंतांचे चोचले आहेत का हे?

बऱ्यापैकी आहेत, खोटं कशाला बोला. बाइकची नुसती प्रवेश फीच भारतीय पैशात दहा लाखांच्या वर जाते, केटीएमची विकत मिळणारी रॅली बाइक युरोपात तीस हजार युरोच्या घरात, शिवाय आधी मान्यताप्राप्त रॅली पूर्ण केल्याशिवाय घेत नाहीत, म्हणजे तो खर्च वेगळा. हरिथ किंवा संतोषसारखे लोक कंपनीच्या पाठबळाशिवाय तिथे पोचणं फार अवघड होतं. पण निकालात पैसा जेवढा फॉर्म्युला वनमध्ये दिसतो तेवढा इथे दिसत नाही, कारण महागडी गाडी चुकीच्या दरीत गेली तर ती फक्त जास्त वेगाने चुकते. वयाचंही तसंच, स्पेनचा कार्लोस सायन्झ २०२४ मध्ये ६१व्या वर्षी कारची रॅली जिंकला. २००१ मध्ये जर्मनीच्या युटा क्लाइनश्मिटने पजेरो चालवून कारची रॅली जिंकली, एकंदर विजेती ठरलेली ती आजवरची एकच बाई, आणि २०२४ मध्ये स्पेनच्या क्रिस्टिना गुतिएरेझने हलक्या गाड्यांचा चॅलेंजर वर्ग जिंकला.

माणसं मरतात, मग बंद का करत नाही?

आजवर सत्तरहून जास्त माणसं गेलीयत, त्यात स्पर्धकांबरोबर प्रेक्षक आणि वाटेतल्या गावांतले लोकही आहेत. स्पर्धक स्वतःच्या मर्जीने येतो. गावातलं पोर येत नाही. आफ्रिकेतल्या काळावर झालेली ही टीका मला तरी खोडता येत नाही, आणि रॅलीच्या चाहत्यांनी ती खोडायचा प्रयत्नही करू नये.

सुधारणा झाल्यायत हे खरं. प्रत्येक गाडीवर सॅटेलाइट यंत्र आहे, गाडी एकदम थांबली की कंट्रोल रूमला कळतं, रायडर बोलूही शकतो. मागून कार येतेय हे पुढच्या बाइकला आवाजाने कळतं, धुळीत हे फार गरजेचं कारण काहीच दिसत नसतं. २०२१ पासून बाइकवाल्यांना एअरबॅगचं जॅकेट सक्तीचं. गावातून जाताना वेगमर्यादा, मोडली की पेनल्टी. आणि एक नियम, जो पडला त्याच्यासाठी थांबलास तर थांबलेला सगळा वेळ तुला परत मिळतो. २०२० मध्ये गोन्साल्विसजवळ थांबलेल्यांत टोबी प्राइस होता, आदल्या वर्षीचा विजेता, शर्यत सोडून तो तिथे राहिला, त्याची वेळ नंतर परत दिली गेली. निकालपत्रात रात्री अचानक कोणीतरी पन्नास मिनिटं वर सरकतो त्याचं कारण बरेचदा हे असतं.

आणि पेट्रोल, आणि सौदी?

ऑडीची २०२४ ची विजेती गाडी विजेच्या मोटरवर पळायची, आत एक इंजिन होतं पण ते बॅटरी चार्ज करायला. तांत्रिक दृष्टीने भारी काम. पण मला वाटतं जिथे शेकडो मदतीचे ट्रक आणि हेलिकॉप्टर बरोबर फिरतात तिथे शर्यतीच्या गाडीचं इंधन हा मुद्दाच लहान, पर्यावरणाचं नाव घेऊन त्याची जाहिरात करू नये.

सौदीबद्दल जास्त स्पष्ट बोलायला हवं. तिथे बायकांना गाडी चालवायची परवानगी २०१८ मध्ये मिळाली. २०२० मध्ये डकार तिथे पहिल्यांदा झाली, बायका त्यात गाड्या चालवत होत्या, आणि त्याच वेळी त्या हक्कासाठी लढलेली लुजैन अल-हथलूल तुरुंगात होती. देशाची प्रतिमा धुवायला खेळ वापरतात हा आरोप म्हणूनच होतो. शर्यत बघायची की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, मी बघतो, पण हे माहीत असताना बघतो.

पुढच्या जानेवारीत काय बघायचं

रोडबुक म्हणजे काय हे अंगाने कळून घ्यायचं असेल तर एका रविवारी कल्याण-मुरबाडकडच्या आतल्या रस्त्यांचं स्वतःच एक करा, किलोमीटर, वळण, खूण, कागदावर, आणि मित्राला फोन बंद ठेवून साध्या वेगात जायला सांगा. टोकावड्याच्या आधी कुठेतरी तो फोन चालू करून तुम्हालाच विचारेल.

आणि शर्यत बघताना पहिल्या नंबरापेक्षा निघायचा क्रम बघा. आज वाट कोण उघडतंय, त्याच्या मागे दहा-पंधरा मिनिटांवर कोण आहे, त्या मागच्याची एकूण वेळ किती, एवढं कळलं की संध्याकाळचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. मधल्या टप्प्यांच्या वेळा ऑनलाइन येत राहतात, एखाद्याचा आकडा अचानक अडकला की तो पडलाय किंवा हरवलाय किंवा कुणासाठी थांबलाय, तिन्हीपैकी काहीही असू शकतं, लगेच निष्कर्ष काढू नका. संध्याकाळी येणारा निकाल कच्चा असतो, चुकलेले वेपॉइंट आणि वेगमर्यादेच्या पेनल्ट्या रात्री लागतात, थांबलेल्यांच्या वेळा रात्री परत दिल्या जातात. पक्का क्रम हवा असेल तर दुसऱ्या दिवशीची स्टार्ट लिस्ट उघडा.